लगीन राहिलेल्यांचे पाप

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर संसार थाटलेले, दोन-तीन लेकरे झालेले आणि तरीही ‘लगीन राहिलेले’ जोडपे शोधायला लांब जावे लागत नाही. पसंती झाली, दोन्ही घरच्यांनी होकार दिला, थोडीफार देवाणघेवाण झाली, की मुलगी नांदायला येते. मांडव, हळद, वाजंत्री, गावजेवण हे पुढे कधीतरी, गाठीला पैसे आल्यावर. कोकणा, वारली, महादेव कोळी, कातकरी या साऱ्यांच्या चाली एकसारख्या नाहीत. पण अशा संसारात कुणाला खाली मान घालावीशी वाटत नाही. पोराच्या लग्नाच्या मांडवातच आईबापांनीही हळद लावून घेतल्याच्या गोष्टी या पट्ट्यात हसत हसत सांगितल्या जातात.

अडचण सुरू होते ती अशा घरात कुणी ‘विश्वासात’ आल्यावर, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावर. काल संध्याकाळपर्यंत जो साधा संसार होता, त्याला रविवारच्या उपासनेत पाप म्हटले जाते. नेमके काय पाप? एकत्र राहणे, की मांडव न घालणे? आणि हे ठरवायचे कुणी?

या प्रश्नावर भांडणारे दोघे इथे भेटतील. दोघेही कल्पित आहेत, म्हणून त्यांना नावे दिलेली नाहीत. त्यांच्यापुढचे पेच मात्र खरे आहेत. एक आहेत पस्तिशीतले पाळक. पाड्यावरच वाढलेले, तरुणपणी गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभे राहून द्राक्षबागांत राबलेले, नंतर बायबल शिकून पत्र्याच्या शेडमध्ये मंडळी चालवणारे. दुसरे निवृत्त गुरुजी. त्यांचे घराणे नाशिकच्या शरणपूरचे, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने 1854 साली वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतले. नोकरी मात्र सारी आश्रमशाळांत गेली आणि त्यामुळे हरसूलच्या निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले आहेत. पाळकही त्यांचेच विद्यार्थी.

“बाप्तिस्म्याच्या यादीतून त्या दोघांची नावं काढली मी,” पाळक म्हणाले. “तीन लेकरं आहेत, लगीन नाही. आधी लगीन लावा, मग पाण्यात उतरा असं सांगितलंय.”

“आणि लगीन म्हणजे काय, ते सांगितलंत का?”

“गुरुजी, तुम्ही मला परीक्षेला बसवताय.”

“बसवतोच आहे. इसहाकाचं लग्न कुणी लावलं?”

पाळक हसले. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात इसहाक रिबकेला आपल्या आईच्या तंबूत नेतो आणि ती त्याची बायको होते. ना याजक, ना मंत्र, ना वऱ्हाड. हरसूलच्या पाड्यावर मुलगी नांदायला येते ती याहून वेगळी कशी, असा गुरुजींचा रोख होता. पण पाळकांना तो अध्याय गुरुजींपेक्षा जास्त पाठ होता. “तंबू शेवटच्या ओळीत येतो, गुरुजी. त्याच्या आधी सगळा अध्याय बोलणीचा आहे. मागणी घालायला माणूस गेला, दागिने दिले, भाऊ बसले, बाप बसला. आणि शेवटी रिबकेला विचारलं, या माणसाबरोबर जातेस का? ती जाते म्हणाली. चारचौघांत झालेला तो करार होता, पळून जाणं नव्हतं.”

“मग या दोघांचंही तसंच झालंय. मामा बसला होता, मुलीच्या बापाला द्यायचं देज ठरलं होतं. पोरीला विचारलंही होतं.”

“देज ठरलं होतं, दिलं नव्हतं.”

इथे गुरुजी थोडे चिडले, आणि चिडले की ते इतिहासात शिरतात. रोमच्या चर्चला याजकासमोरचे लग्न सक्तीचे करायला सोळावे शतक उजाडले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये ठराव केला, की धर्मग्रामाचा याजक आणि निदान दोन साक्षीदार असल्याशिवाय विवाह वैध नाही. त्याआधी दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारले, की चर्चच्या लेखी विवाह झाला. गुपचूप लग्नाला चर्चचा विरोध होता, 1215 च्या लॅटरन परिषदेने त्यावर बंदीही घातली होती. पण तसे लग्न नियमभंग ठरे, तरी लग्नच ठरे. “म्हणजे पंधराशे वर्षं हरसूलसारखंच चाललं होतं,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही-आम्ही प्रॉटेस्टंट, आपण तर ट्रेंटला मानतही नाही. मग मांडवाशिवाय पाप, हे कुठून आणलं?”

“बंदी का घातली, तेही सांगा ना.”

ते गुरुजींनाच सांगावे लागले. कारण गुपचूप शब्द दिलेला पुरुष उद्या मुकरायचा, दुसरीशी उघड लग्न करायचा आणि पहिलीच्या बाजूने बोलायला साक्षीदार नसायचा. ट्रेंटचा ठराव निघाला तो या रडगाण्याला कंटाळूनच.

पाळकांनी हाच धागा उचलला, आणि इथे त्यांचा आवाज प्रवचनाचा राहिला नाही. छाटणीच्या हंगामात दिंडोरी, निफाडकडे टोळ्याच्या टोळ्या जातात, महिनोन्‌महिने बागेतच राहतात. तिकडे एखाद्याचे दुसरीशी जुळते. हंगाम संपतो, माणूस परत येत नाही किंवा येतो तो नवीन बाई घेऊन. पहिलीने विचारले तर उत्तर तयार असते: तुझ्याशी माझे लगीन कुठे झाले होते? “गुरुजी, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. एकदा नाही. त्या बाईला मी इसहाकाचा तंबू सांगू?”

गुरुजींनी कायदा पुढे केला. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 च्या कायद्यात विवाहासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिलेल्यांचा विवाह झाला असेच न्यायालये गृहीत धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बद्री प्रसाद खटल्यात पन्नासएक वर्षांच्या सहवासाबद्दल तसे म्हटले आहे. हे सगळे खरे आहे. पण पाड्यावरून कोर्टापर्यंत जायला एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि वकील लागतो, हे पाळकांनी न बोलताही गुरुजींना ठाऊक होते. या फेरीत पारडे पाळकांचेच जड, हे मान्य करायला हवे. त्यांच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा शास्त्रातल्या वचनापेक्षा ती टाकलेली बाई आहे.

मात्र त्याच बाजूला एक काळी छायाही आहे. हरसूलच्या पश्चिमेला जव्हार-मोखाडा ओलांडून उतरले, की डहाणू-तलासरीचा मुलूख लागतो. तिथे एके काळी ‘लग्नगडी’ नावाची माणसे असत. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा मरेपर्यंत, नवरा-बायकोने त्याच्या घरी आणि शेतावर राबायचे. 1945 च्या वारली उठावात वेठबिगारीबरोबर ही लग्नगड्याची चालही मोडली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिगत आहे. ज्या मुलखात मांडवाची किंमत गुलामीने फेडली गेली, तिथे मांडवाशिवाय राहणे हा कित्येकांसाठी शहाणपणाचा मार्ग होता. त्याला सरसकट जारकर्माच्या खात्यात टाकणे म्हणजे सावकाराचा हिशेब देवाच्या वहीत उतरवणे होय.

गुरुजींनी हे सांगितले तेव्हा पाळक म्हणाले, “मी कुठे जेवणावळ मागतोय? शेडमध्ये या, प्रार्थना करू, चहा पिऊ, झालं लगीन.”

“तुमच्याकडे लायसन आहे?”

पाळक गप्प.

हा प्रश्न आडवळणाचा वाटला, तरी कायद्याचा अख्खा गुंता त्यात आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार वधू-वरांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल, तरी लग्न त्या कायद्याने अधिकार दिलेल्या माणसानेच लावावे लागते: ठरावीक चर्चचे दीक्षित धर्मगुरू, सरकारी परवाना असलेले पाळक किंवा विवाह निबंधक. दुसऱ्या कुणी लावलेले लग्न त्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे रद्दबातल. पत्र्याच्या शेडमध्ये मंडळी चालवणाऱ्या स्वतंत्र पाळकांपैकी कित्येकांकडे असा परवाना नसतो. म्हणजे बाईला आधार हवा म्हणून ज्या लग्नाचा आग्रह धरायचा, त्याच लग्नाला कोर्टात आधार नाही. उलट आदिवासी रूढीने लागलेले लग्न कायदा ओळखतो. हिंदू विवाह कायदाही अनुसूचित जमातींना, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. तिथे जमातीची रूढीच कायदा. पण रूढीचे लग्न म्हणजे देवदेवता आल्या, भगत आला, वारल्यांत लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी आली. ते विश्वासी माणसाने कसे करायचे, असे पाळकांचे म्हणणे. थोडक्यात, लग्नाशिवाय बाप्तिस्मा नाही, बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती लग्न नाही आणि रूढीचे लग्न चालत नाही. हे कोडे घालणाऱ्यांनी ते स्वतः कधी सोडवून पाहिले असेल असे वाटत नाही.

रोमन कॅथलिक मंडळींनी त्यातून काढलेली वाट गुरुजींना, स्वतः प्रॉटेस्टंट असूनही, जास्त माणुसकीची वाटते. बाप्तिस्मा न झालेल्या दोघांनी आपापल्या रीतीने खरी संमती देऊन केलेला विवाह कॅथलिक चर्च विवाहच मानते आणि दोघांचा बाप्तिस्मा झाला की तोच संस्कार ठरतो. पुन्हा लग्न लावावे लागत नाही. 1983 च्या धर्मविधिसंहितेतले 1116 वे कलम तर दुर्गम भागाकडे पाहूनच लिहिल्यासारखे आहे: अधिकारी धर्मगुरू महिनाभर मिळण्याची शक्यता नसेल, तर दोघांनी नुसत्या साक्षीदारांसमोर केलेला विवाहही वैध. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात, समारंभाचा खर्च झेपत नाही म्हणून लग्नाशिवाय राहणाऱ्या गरीब जोडप्यांचा वेगळा उल्लेख केला आहे. अशांना दूर लोटण्यापेक्षा सोबत घेऊन हळूहळू विवाहापर्यंत आणावे, असा त्यांचा सूर आहे.

“सूर गोड आहे,” पाळक म्हणाले. “पण सुरानं मंडळी चालत नाही. आज यांना सोडलं, उद्या दारूवाला म्हणेल मला पण हळूहळू आणा.”

“पौलाच्या यादीत दारूबाज आहेतच. लोभीसुद्धा आहेत. लग्नाला व्याजानं पैसे देणारा तुमच्या पहिल्या रांगेत बसतो, त्याचं नाव काढलंत कधी यादीतून?”

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातली ही यादी शरीराच्या पापांसाठी नेहमी वाचली जाते आणि लोभ्यांपाशी येऊन वाचणाऱ्याचा आवाज बारीक होतो. पाळकांनी हे मान्य केले, पण उत्तरही दिले. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल लैंगिक पाप वेगळे काढतो. ते माणूस आपल्या शरीराविरुद्ध करतो, आणि शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे त्याचे म्हणणे. “म्हणजे सगळी पापं सारखी नाहीत, हे मी नाही, पौलच सांगतो.”

मग निवड कशी करायची? गुरुजींचा हुकमाचा पत्ता प्रेषितांच्या कृत्यांतला पंधरावा अध्याय. यहुदी नसलेले लोक विश्वासात येऊ लागले, तेव्हा त्यांच्यावर मोशेच्या नियमशास्त्राचे किती ओझे टाकायचे, हे ठरवायला यरुशलेमात बैठक बसली. हरसूलचा आजचा प्रश्न तेव्हाही हाच होता: नवीन आलेल्या परक्या माणसांना आपल्यासारखे किती व्हायला लावायचे? निर्णय झाला, सुंता नको. फक्त चार गोष्टी वर्ज्य: मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म.

“चारातल्या किती पाळता?”

“देवाला कापलेल्या कोंबड्याचं मटण आमचे विश्वासी खात नाहीत. त्यावरून पाड्यात भांडणं होतात, तुम्हाला माहीत आहे.”

“आणि रक्त? गळा दाबलेलं?”

“ते कुणी विचारत नाही.”

“म्हणजे चारांतून दोन आपण गाळली. हे कुणी ठरवलं?”

पाळकांचे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. खाण्यापिण्याचे नियम पौलानेच नंतर सैल केले, ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडले. जारकर्माबद्दल मात्र तो आपल्या पत्रांत कडकच राहिला. येशूने घटस्फोटाबद्दल तर मोशेहून कडक भूमिका घेतली. तेव्हा अन्न आणि अंथरूण एकाच तराजूत घालता येत नाहीत. गुरुजी म्हणाले, हा तराजू तुम्ही वापरलात हेच मला दाखवायचे होते. वचन एकटे कधी निकाल देत नाही. वचनाशेजारी वचन ठेवावे लागते, परंपरा पाहावी लागते आणि समोरच्या माणसाचे काय होणार, हेही पाहावे लागते.

परंपराही जागची हलते. गर्भनिरोधन घ्या. अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने 1920 मध्ये त्याला ठाम विरोध केला आणि दहाच वर्षांनी, 1930 मध्ये, काही अटींवर विवाहितांसाठी दार किलकिले केले. त्याच वर्षाच्या अखेरीला पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोन्नुबी’ काढून ते दार आपल्याकडून घट्ट लावले. 1968 मध्ये सहावे पॉल यांनी ‘हुमाने विते’मध्ये कृत्रिम साधनांवरची ही बंदी पुन्हा पक्की केली. एकच बायबल, एकच प्रार्थना आणि तांबीला एकीकडे पाप, दुसरीकडे नियोजन. हरसूलच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून आलेल्या बाईला पाळकांनी कधी काही विचारले आहे काय? “नाही हो,” पाळक म्हणाले. “चौथ्या बाळंतपणात बाई मेली तर मीच पुरणार ना तिला.” हे उत्तर कुठल्या वचनातून आले नव्हते, आणि ते चुकीचे आहे असे गुरुजींनाही वाटले नाही.

दुसरा दाखला पाळकांनीच काढला, कारण तो त्यांना झोपू देत नाही. दोन बायकांचा माणूस विश्वासात आला तर? जमातीच्या रूढीत दुसरी बायको बसते, कायदाही आड येत नाही. मिशनऱ्यांनी याच प्रश्नावर शंभर वर्षे डोके आपटले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी 1860 च्या सुमारास सांगितले, की बायका टाकायला लावणे हेच मोठे पाप. लॅम्बेथने 1888 मध्ये उलट ठरवले: अशा पुरुषाला बाप्तिस्मा नको, बायकांना मात्र काही प्रसंगी देता येईल. आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1988 मध्ये, तीच परिषद फिरली. पुरुषाने आणखी लग्न करणार नाही असे वचन द्यावे, स्थानिक मंडळीची संमती असावी. मग बायकामुलांसह त्याला घ्यावे आणि एकीलाही टाकायला भाग पाडू नये, कारण टाकलेली बाई उघड्यावर पडते. रोमचा नियम अजून एकच ठेवण्याचा आहे, पण बाकीच्यांच्या पोटापाण्याची सोय बिशपने पाहावी, असेही त्यात आहे.

“तुम्ही काय केलंत?” गुरुजींनी विचारले.

“दोन्ही बायकांना बाप्तिस्मा दिला. त्याला नाही दिला. तो रोज येतो, मागे बसतो.”

म्हणजे हरसूलच्या शेडमध्ये अजून 1888 साल चालू आहे. गुरुजींनी ते बोलून दाखवले नाही.

समलिंगी संबंधांचा विषय निघाला तो असाच बोलता बोलता. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला अशा संबंधांवरचा फौजदारी शिक्का पुसला. 2023 मध्ये विवाहाचा हक्क मात्र दिला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशी गल्लत होणार नाही असा साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, आणि आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी ती आपल्याकडे नाकारली. नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने या विषयावर अभ्यास आणि चर्चा चालवल्या आहेत, पण भारतातल्या बहुतेक मंडळ्यांची भूमिका हललेली नाही. पाळक म्हणाले, इथे शास्त्र स्पष्ट आहे. लेवीय आहे, रोमकरांस पत्र आहे, करिंथकरांस पत्र आहे, आणि कुठेही सूट दिसत नाही. गुरुजींनी एवढेच म्हटले, की दोन बायकांबद्दलही एके काळी असेच ठाम बोलले जायचे. “दोन बायका याकोबालाही होत्या, गुरुजी. याला तसा दाखला नाही,” पाळक म्हणाले. इतका वेळ कृत्ये आणि ट्रेंट फेकणारे गुरुजी इथे जोर लावायला तयार नव्हते. त्यांच्या शरणपूरच्या घरातही हा विषय कधी जेवणाच्या ताटापर्यंत आलेला नाही. काही प्रश्नांवर जुने-नवे, सुशिक्षित-अशिक्षित अशा दोन बाजू पडत नाहीत. सगळेच एका बाजूला सरकून बसतात.

इतक्यात जिच्यावरून हा खल चालला होता तीच बाई शेडच्या दाराशी आली. यादीतून नाव गेल्याचे तिला कळले होते. दोघांनी तिला आतापर्यंत एकही प्रश्न विचारला नव्हता, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या ध्यानात आली असेलच.

“बस गं माय,” गुरुजी म्हणाले. “तुझं काय म्हणणं आहे?”

“लगीन लावायचं तर लावा, गुरुजी. पण मला कागद पाहिजे. पोरांची नावं लागतील असा. प्रार्थनेचा नाही, सरकारी.”

गुरुजींनी मग 1954 चा विशेष विवाह कायदा समजावून सांगितला. तिथे धर्म विचारत नाहीत, लायसन लागत नाही. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे, आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदार घेऊन सह्या करायच्या. जेवणावळ नाही, भगत नाही, धवलेरी नाही. पाळकांनी थोडा विचार केला. सरकारी लग्न देवाला चालते का, हे त्यांना अजून ठरवायचे होते; पण शेडमध्ये नंतर प्रार्थना झाली तर चालावे, इथवर ते आले. बाप्तिस्मा मात्र तीस दिवसांनंतरच.

“आधी का नाही?” गुरुजींनी विचारले. “नोटीस दिली म्हणजे इरादा झाला. मंडळीसमोर हो म्हणाले, की संमती झाली. बाकी राहतं ते ऑफिसचं काम.”

“नाही गुरुजी. तीस दिवसांत त्यानं मन बदललं तर?”

“तर बाप्तिस्मा तिचा तरी राहील.”

“आणि पाप कुणाचं?”

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. नाशिकला जायचे तर ते भातकापणीच्या आत, नाहीतर तो बागेच्या छाटणीला निघून जाईल, असे ती म्हणाली. आणि सह्या करायच्या दिवशी त्याने चारचौघांत सांगायला हवे, की गिरणाऱ्याकडे त्याचे दुसरे बिऱ्हाड नाही. हे वाक्य कागदात घालता येते का, असे तिने विचारले. गुरुजी म्हणाले, त्या छापील फॉर्मवर दोघांच्या सहीच्या वर तसेच काहीसे आधीपासूनच असते: आपण सध्या अविवाहित, विधुर-विधवा किंवा घटस्फोटित आहोत. ते मोठ्याने वाचायला लावायची जबाबदारी पाळकांनी घेतली. बाप्तिस्मा आधी की सह्या आधी, यावर मात्र त्यांचे त्या दिवशी जमले नाही.